पालथी चिठ्ठी

आमचे दातांचे डॉक्टर रक्कम कधी तोंडाने सांगत नाहीत. चिठ्ठीवर आकडा लिहितात, ती पालथी घालतात आणि एका बोटाने पुढे सरकवतात, जणू आपलंच एखादं लफडं त्यांच्या हाती लागलंय. मंडईतली भाजीवाली भाव ओरडून सांगते, तिला लपवायचं काही नसतं. इथे एसीत कुजबूज.

आज माझ्या आधी एक निवृत्त मास्तर होते. पडलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवायचं होतं. दार उघडंच होतं. त्यांनी चिठ्ठी सुलटी केली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"एका दाढेचे एवढे?"

"हे नुसत्या स्क्रूचे, काका. वरची कॅप वेगळी. हाड भरावं लागलं तर त्याचे वेगळे."

"म्हणजे तोंड तेवढं माझं," मास्तर म्हणाले आणि चिठ्ठी होती तशी पालथी ठेवून निघून गेले.

डॉक्टर हसले. त्यांचे सगळे दात जागच्या जागी होते. आकडा उच्चारायची लाज वाटते, घ्यायची वाटत नाही, अशा या माणसाची मला किळस आली.

मग माझा नंबर लागला. माझ्यापुढेही चिठ्ठी सरकली. मी ती वाचली, उठून दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "हप्ते करून मिळतील का?"