आईच्या पोटाचा आलेख

आईचं म्हणणं एकच होतं, की खाल्लेलं खाली उतरत नाही. चार घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं, मळमळ सुरू व्हायची आणि आठवड्यातून दोन-तीनदा उलटी. साखरेचा आजार तिला जुना. अंबरनाथच्या बुवापाड्यातली खोली सोडून ती माझ्याकडे बदलापूरला, कात्रपच्या फ्लॅटवर आली त्याला तीन वर्षं होत आली होती, आणि एवढ्या काळात तिच्या पोटाच्या जेवढ्या तपासण्या झाल्या त्या सगळ्या स्वच्छ आल्या. सोनोग्राफी स्वच्छ. तोंडातून नळी घालून पाहिलं, तेही स्वच्छ. लोक रिपोर्ट चांगला आला की सुस्कारा सोडतात. आमच्याकडे प्रत्येक चांगल्या रिपोर्टनं आई आणखी खोटी पडत गेली.

भाऊ पुण्याहून फोनवर सरळ म्हणायचा, "नाटकं आहेत सगळी. तिला कुणीतरी सतत जवळ बसायला हवंय." मी तिची बाजू घ्यायचे, पण खरं सांगायचं तर दमले होते. अंबरनाथला एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझी नोकरी. घरी यावं तर ताटातला भात तसाच. मऊ भात केला, नको. पेज केली, नको. एकदा ताट उचलताना बोलून गेले, "तुला नक्की काय हवंय ते तरी सांग." मलाही मनातून भावाचंच पटायला लागलं होतं. हे कबूल करायला आजही जड जातं.

मग उल्हासनगरच्या एका डॉक्टरांनी नवीन तपासणी सुचवली. हृदयाचा असतो तसा पोटाचाही विजेचा आलेख निघतो म्हणाले. नळी नाही, सुई नाही. पोटावर पट्ट्या चिकटवायच्या, आधी उपाशीपोटी आणि मग ठरावीक खाणं देऊन. निरोगी पोटाची लय मिनिटाला साधारण तीन लाटांची, आणि खाल्ल्यावर त्या लाटा मोठ्या व्हायला हव्यात. आई एवढी खूश झाली की रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली, "आता कागदावरच येईल. मग बोलू दे तुझ्या भावाला."

तपासणीच्या दिवशी ती रात्रीपासून उपाशी होती. ती उपाशी म्हणून मीही चहा घेतला नव्हता. आमच्या घरात उपाशी माणसासमोर कुणी तोंड हलवत नाही. सेंटरमधल्या मुलीनं आईच्या पोटाची कातडी खरखरीत पेस्टनं घासली, पट्ट्या चिकटवल्या, वायरी लावल्या. "आँटी, हलायचं नाय, बोलायचं नाय, खोकला आला तर हात वर करा," असं बजावलं. अर्धा तास गप्प पडून राहणं हे आईला उपासापेक्षा जड गेलं. पडद्यावर एक रेघ वर-खाली जात होती. मी तिच्याकडे बघत बसले आणि मला झोप आली.

मग खाणं आलं. ब्रेडचे चार स्लाइस, उकडलेली अंडी, पेलाभर पाणी. दहा मिनिटांत सगळं संपवायचं, असं सांगून ती मुलगी फोन घ्यायला बाहेर गेली. आईनं दोन स्लाइस आणि एक अंडं उचलून माझ्यापुढे धरलं.

"खा. सकाळपासनं तू पण तशीच आहेस."

"अगं, ते तुझ्या टेस्टचं आहे."

"एवढं मोठं मला थोडंच जातंय? आणि तू समोर बसलीस, मी एकटी गिळू काय? घे, घे लवकर."

आयुष्यभर तिनं दिलेल्या घासाला मी नाही म्हटलेलं नाही. मला भूक लागली होती. मी खाल्लं. मुलगी परत आली, रिकामी प्लेट बघून "गुड, आँटी," म्हणाली आणि पुढचा तासभर मशीन चालू राहिलं.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. खाल्ल्यानंतर पोटाच्या विजेच्या लाटा जेवढ्या वाढायला हव्या तेवढ्या वाढल्या नाहीत, असं त्यात होतं. आईनं तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. भावाला फोटो पाठवायला लावला. त्याचा फोन आला आणि तो चक्क तिची माफी मागत होता. आई फोनवर हसत होती. कित्येक महिन्यांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मला मात्र सारखं ते अंडं आठवत होतं. अर्धं खाणं माझ्या पोटात गेल्यावर तिच्या लाटा वाढणार कुठून?

दोन दिवस गप्प राहिले. पण आता गोळ्या सुरू होणार होत्या, म्हणून डॉक्टरांसमोर सगळं सांगून टाकलं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मान वर करवेना.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी थकल्यासारखं पेन खाली ठेवलं. "मॅडम, हा आलेख कातडीवरून काढलेला. मध्ये चरबी असते, हृदय असतं, श्वास असतो, शेजारचं आतडं असतं, सगळ्यांची वीज त्यात मिसळते. पेशंट हलला तरी बिघडतो. धडधाकट माणसाचा कधी वाकडा येतो, खऱ्या आजाऱ्याचा सरळ येतो. नुसत्या यावर मी काही ठरवणारच नव्हतो. आणि आता तर हा कागद ग्राह्य धरताच येणार नाही. पुन्हा करू. या वेळी तुम्ही बाहेर बसा."

रिक्षात आई एकच वाक्य बोलली. "एकदा खरी ठरले होते, ते पण तुला बघवलं नाही." बदलापूरपर्यंत तिनं तोंड बाहेरच ठेवलं.

दुसऱ्या खेपेला मी दाराबाहेरच्या बाकावर बसले. कारखान्यातून एक रजा आणखी गेली होती. मनात देवाचं नाव वगैरे काही नव्हतं, एकदाचं काहीतरी ठरावं एवढंच होतं. वाकडं तर वाकडं, सरळ तर सरळ. आत आईनं सांगितल्याप्रमाणे सगळं खाल्लं, ब्रेडच्या शेवटच्या कडेपर्यंत. दहाएक मिनिटांनी ती मुलगी ओरडतच बाहेर आली. "दीदी, जल्दी या!"

आई वायरींसकट उठून बसली होती. मुलीनं माझ्या हातात स्टीलचा ट्रे कोंबला आणि पाणी आणायला पळाली. मी ट्रे आईच्या तोंडाखाली धरला. ब्रेड पडला, अंडं पडलं. आणि मग गवार पडली. मी आदल्या संध्याकाळी सात वाजता वाढलेली गवार, तिचे हिरवे तुकडे अजून ओळखू येत होते. मागोमाग भाताची शितं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते.

मी बोटांवर तास मोजले. सोळा.

आईची उलटी मी याआधी कधी पाहिलीच नव्हती. तिला होऊ लागलं की ती बाथरूमचं दार आतून लावून घ्यायची. बाहेर यायची तेव्हा फरशी धुतलेली असायची, फिनेलचा वास असायचा, आणि मी काय म्हणायचे, तर नळाला पाणी नाही आणि तू बादली संपवलीस. तीन वर्षं मी पुरावा शोधत उल्हासनगर पालथं घातलं, आणि ती तो दर वेळी स्वतःच्या हातानं धुऊन टाकत होती. मला स्वतःची लाज वाटली.

पडद्यावरची रेघ कशीही उड्या मारत होती. मुलीनं येऊन मशीन बंद केलं आणि म्हणाली, "टेस्ट खराब झाली, परत करावी लागेल."

आईनं पदरानं तोंड पुसलं. पोटावरच्या पट्ट्या तशाच होत्या. ती धापा टाकत होती, तरी तिनं माझ्या हातातल्या ट्रेला हात घातला.

"दे इकडे," ती म्हणाली, "मी धुते. तू नको हात घाण करूस."