हात खाली घेऊ नका

तिचा चेहरा मी पाहिलेला नाही. एकशे बारा नंबर लावला तेव्हा पलीकडे ती होती, एवढीच आमची ओळख.

काशीदच्या समुद्रात माझा मेव्हणा आत ओढला जात होता आणि मी किनाऱ्यावर त्याचे कपडे सांभाळत उभा होतो. कुठे आहात, असं तिने विचारलं. मी म्हणालो, "काल भजी खाल्ली त्या टपरीसमोर."

ती हसली नाही. "बरं. टपरीवर काय लिहिलंय, वाचा." कोथिंबीर निवडत बोलावं इतक्या शांतपणे ती दर वाक्याआधी 'बरं' म्हणायची.

मी पाटी वाचून दाखवली आणि ओरडलो, "मीच जातो पाण्यात."

"पोहता येतं?"

"नाही."

"बरं. मग काका, दोघांना शोधायला लावू नका. त्यांच्याकडे हात करून उभे राहा, नजर हलवू नका. जीवरक्षक निघालेत. तुमचा हात बघून ते होडी नेतील."

मेव्हण्याचं डोकं लाटांत दिसेनासं व्हायचं. "हात खाली घेऊ नका," ती सांगत राहिली. तिला समुद्र दिसत नव्हता, तरी माझ्यापेक्षा तीच तो नीट बघत होती. घरात माझं कुणी ऐकत नाही, पण त्या हाताच्या रोखाने होडी सरळ गेली.

वाळूवर आणल्यावर मेव्हणा खोकला आणि त्याने मला शिवी दिली.

"ऐकलं मी," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. "रुग्णवाहिका येतेय, त्यांना एकटं सोडू नका."

मी नाव विचारणार, तोच ती म्हणाली, "काका, ठेवा आता. दुसरा फोन वाजतोय."

मी लगेच ठेवला. तिकडे कुणीतरी माझ्यासारखंच ओरडत असणार.