निळ्या कव्हरावरची होडी

यंदाच्या वर्षी नेरूळच्या हॉलात जेवढ्या पुस्तकांची प्रकाशनं झाली, त्या सगळ्यांना मी हजर होतो. वाचलं एकही नाही.

आमची सून सुजाता शाळेत बाई. तिला पुस्तकांचा नाद. मुलाला वेळ नाही, म्हणून सोबतीला मी. (वडे गरम असतात.) येताना ती नवं पुस्तक घ्यायची आणि कपाटावरच्या खोक्यात टाकायची. मी करावे गावचा कोळी, दुसरी पास. पण पहिल्या रांगेत बसून अशी मान डोलवायचो, की दोन कवींनी मला अभिप्राय विचारला!

वर्ष संपता संपता सुजाताचंच पुस्तक आलं. आमच्या खाडीच्या गोष्टी. पहिलंच, त्यामुळे पोरगी चार दिवस पाहुण्यांची यादीच तपासत होती. माहेरची माणसं येणार, शाळेच्या मोठ्या बाई येणार. त्या सकाळी ती हॉल सजवायला निघाली.

"बाबा, कपाटावरच्या खोक्यातली माझी पाच पुस्तकं चमकीच्या कागदात बांधून आणाल? पाहुणे स्टेजवर उघडतील."

"बिनघोर जा. कवर कसा हाय तेवरा सांग."

"निळं. वर होडी आहे."

कपाटावर खोकी दोन! मी हाताला आलं ते ओढलं. वरच निळं पुस्तक, त्यावर होडी. शोधून तशी पाच काढली. बाकीची लाल-पिवळी. (बाजारात वाट्यात वर पापलेट दिसतं, खाली स्वस्तातली मांदेली निघते. म्हटलं, प्रेसवालाही त्यातलाच!)

आमची म्हातारी वाकून बघत होती. "अवो, दर पुस्तकाव होडी येगली कशी? चष्मा लावून नाव तरी बगा."

"नाव वाचाला चष्मा लागतं, होडी वलखाला नाय! चालीस वरसं खाडीन गेली माजी!"

स्टेजवर पाच पाहुण्यांनी फिती सोडल्या, पुस्तकं छातीशी धरली, फोटो निघाला. टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच विझल्या. पाच पाहुणे, पाच वेगळी पुस्तकं! वर्षभराची प्रकाशनं एका रांगेत पुन्हा उभी. "अरे, हे तर माझंच!" म्हणून प्रमुख पाहुणे तेवढे खूश. सुजाताचं एकही नाही.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे. मग तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं, आणि पंख्याकडे बघवेना. उभा राहिलो.

"चूक माजी हाय. मना धड वाचता येत नाय."

सत्तर वर्षं लपवलेलं माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं!

तेवढ्यात मागून म्हातारी आली. काखेत दुसरं खोकं. रिक्षात टाकून गुपचूप आणलेलं!

"तुला गो कसा कललं?"

"मना बी वाचाला नाय येत. पन तुमाना पुरतं वाचलंय!"

हॉल हसला, सुजाताही डोळे पुसत हसली. खरी पुस्तकं उघडली, आणि तिनं पहिलं पान वाचलं: "माझ्या सासऱ्यांना. खाडीतली कुठलीही होडी ते लांबून ओळखतात."

एवढ्या टाळ्या वर्षभरात कुठल्याच पुस्तकाला पडल्या नव्हत्या.

आता खाडीवर कोणी विचारलं, "बाबा, ती होडी कोनाची?" तर मी आधी खिशातला चष्मा काढतो.