चाकांतल्या मोटरी आणि चढाची गल्ली

भिंगरी हे नाव तिला सासूने दिलं. ही बाई एका जेवणात दोनदा उठते, झोपेतही पाय हलवते, असं सासूचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. जुन्या तीनचाकी टेंपोंची इंजिनं काढून ते विजेवर चालते करून द्यायचे, हा तिचा धंदा. नवरा शेजारच्या शेडमध्ये लेथ चालवायचा.

पाणीवाल्याचा टेंपो आला तेव्हा दोघांचं वाजलं. तिला मोटरी थेट मागच्या दोन्ही चाकांतच बसवायच्या होत्या. साखळी नको, गिअर नको. मधल्या मोकळ्या जागेत मोठी बॅटरी मावेल. नवरा म्हणाला, मोटर एकच घे, पण मधे बसव आणि गिअरमधून चाकांना जोड. मोटर भरभर फिरेल, चाक सावकाश, पण ओढायला जोर येईल. पाण्याचे भरलेले जार काय कापूस आहेत? तिने ऐकलं नाही. सपाट रस्त्यावर टेंपो आवाज न करता सरसर पळाला आणि पाणीवाला खूश होऊन गेला.

आठवड्याभरातच घोडं अडलं. दवाखान्याकडे जाणाऱ्या चढाच्या गल्लीत टेंपो अर्ध्यावर मंदावला, चाकांतल्या मोटरी तापून बंद पडल्या. ब्रेक पुरेना. टेंपो मागे घरंगळत भिंतीला जाऊन टेकला आणि जार गडगडत चौकात पोचले. वाटेत कुणी नव्हतं म्हणून निभावलं. पाणीवाल्याचा खांदा मात्र दुखावला. तो तिच्या शेडमध्ये आला. नुसती किल्ली टेबलावर ठेवून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

त्यानंतर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. रस्त्यात काही आदळलं की ती दारात धावायची. ‘मी सांगितलं होतं’ असं नवरा एकदाही म्हणाला नाही, त्याचाही तिला राग येत होता. शेवटी तीच त्याच्या शेडमध्ये गेली.

“गिअर बनवून दे. वाद नको.”

“वाद कोण घालतंय?” तो म्हणाला. “ब्रेकही बदलू.”

मोटर मागच्या चाकांच्या मधोमध आली, तिला गिअर जोडला. जागा गेल्यामुळे बॅटरी लहान घ्यावी लागली. चाचणीला वाळूची पोती भरली, तर सासूही चढून बसली. आपलं वजन कधीतरी कामाला येऊ दे म्हणाली. भिंगरीने चढावर मुद्दाम टेंपो थांबवला, पुन्हा सुरू केला. तो गुरगुरला, पण वर गेला.

पाणीवाल्याने सगळं पाहिलं, मान डोलावली. पण टेंपो चढापाशी आला की तो खाली उतरायचा.

“ताई, वर तुम्हीच न्या. मला धीर होत नाही.”

मग रोज सकाळी ती जाऊ लागली. ती टेंपो चढवायची, तो भिंतीकडेने चालत यायचा. आरशात तो दिसेनासा झाला की ती मान बाहेर काढून मागे बघायची. शेडमधली कामं खोळंबली, गिऱ्हाइकं कुरकुरली, तरी तिने एक दिवस चुकवला नाही.

एका सकाळी ती पोचली तर चढाखाली टेंपो नव्हता. भिंतीकडे, गटाराकडे बघत ती पळतच वर गेली. दवाखान्याच्या दारात पाणीवाला एका हाताने जार उतरवत होता.

“तुम्हाला उशीर झाला,” तो म्हणाला, “म्हणून मीच आणला.”

तिला धाप लागली होती. त्याच्या हातातला जार तिने घेतला आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढू लागली.