तळघराची किल्ली

कोलोनच्या एका ग्रंथालयात कुंदा जुनी हस्तलिखितं स्कॅन करते. लॅटिन तिला ओ की ठो कळत नाही, पण सोबतची जर्मन टिपणं वाचून वाचून सहाशे वर्षांपूर्वीची भांडणं तिला घरच्या भाऊबंदकीसारखी पाठ झाली आहेत. पोप म्हणे, ख्रिस्तानं स्वर्गाच्या किल्ल्या एकट्या पीटरला दिल्या आणि मी पीटरच्या गादीवर. विरोधक म्हणत, पीटरनं त्या सगळ्यांच्या वतीनं घेतल्या; पोप चुकला तर धर्मसभा त्याला खाली उतरवेल. मध्यंतरी तर एकाच वेळी तीन-तीन पोप होते! कुंदाला हसू यायचं.

मग वेळ तिच्यावरच आली.

मराठी मंडळाची पितळी गणेशमूर्ती वर्षभर यशवंतरावांच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात असते. मंडळ त्यांनीच काढलेलं, त्यामुळे किल्ली त्यांच्याकडे आणि शेवटचा शब्दही त्यांचाच. पूजेला कोण बसणार, ते चिठ्ठी टाकून ठरतं. यंदा कुंदाची चिठ्ठी निघाली.

"वहिनी, हरीश असता तर प्रश्नच नव्हता," यशवंतराव म्हणाले. "पण आता शास्त्रात बसत नाही. तुम्ही नैवेद्याचं बघा."

हरीशला, कुंदाच्या नवऱ्याला, जाऊन दोन वर्षं झाली होती. ती मूर्ती त्यानंच पुण्याहून विमानात मांडीवर घेऊन आणलेली. कुंदाच्या अंगाची लाही लाही झाली, पण शास्त्र म्हटलं की आपली बोलती बंद होते, तशी तिचीही झाली. घरी सगळं ऐकून इरानं, तिच्या लेकीनं, जर्मनमध्ये एवढंच विचारलं, "आणि तू गप्प बसलीस?"

पंधरा दिवसांनी मंडळाची वार्षिक सभा होती. कुंदा उभी राहिली.

"यशवंतराव, किल्ली तुम्हाला कोणी दिली?"

"कोणी म्हणजे? मंडळानं."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग मी पूजेला बसायचं की नाही, ते मंडळालाच विचारू या."

बत्तीस हात तिच्या बाजूनं, सात विरुद्ध. यशवंतरावांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि कोट उचलून निघून गेले. सभेनं ती कुंदाकडे सोपवली. तिनं ती पर्समध्ये टाकली.

चतुर्थीला ती इराला शेजारी घेऊन पूजेला बसली. हरीशची आठवण येऊन मंत्र दोनदा अडखळला. आरतीला उभी राहिली तेव्हा हॉलच्या दारात यशवंतराव दिसले, बूट न काढता तसेच उभे.

"वहिनी, येऊ का आत?"

नाही म्हणावंसं कुंदाला वाटलं, अगदी जिभेवर आलं. किल्ली तिच्याच पर्समध्ये होती.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "बूट काढा आणि झांजा घ्या. सगळ्यांचा ताल चुकतोय."