खिडकीतली दुसरी बैठक

माझे सासरे वेंदेलिन यांना किल्ल्यांचं वावडं होतं असं मुळीच नाही. सहकारी शेतीच्या बसमधून त्यांनी अर्धाअधिक स्लोव्हाकिया पालथा घातला होता. वावडं होतं ते एकाच किल्ल्याचं, आमच्या वावरोवो गावाच्या डोक्यावर बसलेल्या. तासाभराची चढण. त्यांच्या स्वयंपाकघरातून तो दिसायचा, पण त्यांची खुर्ची कायम तिकडे पाठ करून असायची.

कारण काय, ते कुणालाच कळलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "गावचा किल्ला कुठे पळून जातोय?"

सासूबाई लगेच टोला हाणायच्या, "किल्ला नाही पळत, वेंदो. मी पळेन एक दिवस."

सासूबाईंच्या, म्हणजे रोझालियाच्या, बोलण्याला कारण होतं. आमच्याकडे लग्न ठरलं की जोडपं किल्ल्यावर जातं. तिथल्या एका मोठ्या खिडकीत, भिंतीच्या जाडीतच, समोरासमोर दोन दगडी बैठका होत्या. त्यातली एक कधीच नाहीशी झाली होती. मग नवरा उरलेल्या बैठकीवर बसतो, नवरी त्याच्या मांडीवर, आणि बरोबर आलेली टवाळ पोरं खालून नको नको ते ओरडतात. मी आणि माझी बायको लुदमिलाही बसलो होतो, माझी मांडी दोन दिवस दुखत होती. वेंदेलिननी मात्र लग्नाच्या वेळी पाय मुरगळल्याचं सांगितलं, आणि तो पाय जन्मभर बरा झाला नाही. रोझालिया चारचौघांत म्हणायची, "आमचं लग्न अर्धंच झालंय. चर्चमध्ये झालं, किल्ल्यावर राहिलंय." एकटी जा म्हटलं तर हसायची. "एकटी जाऊन कुणाच्या मांडीवर बसू? पाद्रीबाबांच्या?"

संध्याकाळी ती दाराशेजारच्या दगडावर शेंगा सोलत बसायची आणि किल्ल्याकडे बघायची. दोन हिवाळ्यांपूर्वी साध्या खोकल्याचं निमित्त झालं आणि ती गेली. त्यानंतर सासऱ्यांनी त्या दगडावर कुणाला बसू दिलं नाही. मी एकदा बूट घालायला टेकलो तर खेकसले, "जावई, घरात खुर्च्या नाहीत का?"

या उन्हाळ्यात लुदमिलानं ठरवलं की बाबांना घराबाहेर काढायचं. डागडुजी करून नव्यानं उभे केलेले किल्ले बघत आम्ही तीन दिवस फिरलो. ओरावाच्या किल्ल्याच्या पायऱ्या म्हातारा कुरकुर न करता चढला, वर पोचल्यावर धापा टाकणाऱ्या मला पाणीही पाजलं. परतीच्या दिवशी मात्र गाडी गावाच्या अलीकडेच जंगलातल्या रस्त्याला वळली, तेव्हा त्यांनी दाराची कडी धरली.

"इकडे कुठे?"

"आपल्या किल्ल्यावर," लुदमिला म्हणाली. "आता वरपर्यंत रस्ता झालाय. तुमच्या पायाला त्रास नाही."

"मी गाडीत बसतो."

"आईला पण हेच सांगत आलात. मला नका सांगू."

त्यांनी कडी सोडली.

वर खरंच ओळखू येऊ नये इतका बदल झाला होता. दर उन्हाळ्यात पोरंपोरी तंबू ठोकून राहतात आणि चुना कालवून भिंती उभ्या करतात, हे ऐकून होतो. बुरुजाला टोपी चढली होती. दाराशी कोरीव दगडांचा ढीग होता आणि बारबोरा नावाची एक उन्हानं रापलेली मुलगी ते ब्रशनं घासत होती.

"हे सगळे गावातून परत आलेले," ती कौतुकानं सांगू लागली. "किल्ला पडका होता तेव्हा लोकांनी घरं बांधायला नेले होते ना! पाद्रीबाबांच्या कुंपणातून नऊ निघाले. जुन्या हवालदारांच्या डुकरांच्या खोपटातून तर अख्खी चौकट निघाली."

सासरे थबकले. "कुठल्या हवालदाराच्या? श्टेफुन?"

"तेच. स्वतः ट्रॅक्टरवर घालून घेऊन आले."

"मग त्यांना काय केलं?"

"काय करणार, आजोबा? कोबीचं सूप पाजलं. दोन वाट्या प्याले."

मी हसलो. सासरे हसले नाहीत. ते ढिगाऱ्यावरच मटकन बसले, आणि त्यांचा चेहरा बघून माझं हसू आटलं.

तेवढ्यात लुदमिलाची आतून हाक आली. ती खिडकीशी उभी होती. उरलेल्या बैठकीच्या काठावरचं शेवाळ पोरांनी घासून काढल्यावर पिळलेल्या दोरखंडाची नक्षी उघडी पडली होती, तिच्यावरून ती बोटं फिरवत होती. समोरच्या रिकाम्या जागी फळी टाकलेली होती.

"बाबा, ही नक्षी माझ्या ओळखीची आहे," ती म्हणाली. "लहानपणी आईच्या शेजारी बसून मी आपल्या दारातल्या दगडामागच्या फटीत बोटं घालायचे. भिंतीकडच्या बाजूला अशीच दोरी लागायची. तो दगड इथला आहे ना?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. या माणसानं ते चांदणं आयुष्यभर अंगावर घेतलं होतं. आता मात्र ते सरळ बोलले. त्यांच्या वडिलांनी महायुद्धानंतरच्या हिवाळ्यात तो दगड घसरगाडीवरून खाली आणला होता. नक्षी भिंतीकडे करून बसवला. मग कम्युनिस्टांचं राज्य आलं, कुणाच्याही घरी झडती व्हायला लागली. श्टेफुन हवालदार रोज दारावरून जायचा. वडिलांनी पोराला बजावलं होतं, बाहेर बोलायचं नाही, आणि किल्ल्यावर तर जायचंच नाही. त्या रिकाम्या जागेसमोर उभा राहिलास की तुझं तोंडच सगळं सांगेल.

"आणि आईला? तिला का नाही सांगितलंत?" लुदमिलाचा आवाज चढला. "त्याच दगडावर बसून ती जन्मभर इकडे बघत राहिली!"

"तिच्या तोंडात तीळ भिजत नसे, तुला माहितेय. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. राज्य बदललं तेव्हा वाटलं, आता इतक्या वर्षांनी सांगितलं तर चिडेल. दगड परत द्या म्हणून चर्चच्या दारावर कागद लागला, तेव्हा वाटलं चोर पकडायचा सापळा आहे." त्यांनी फळीवर हात ठेवला. "आणि तो श्टेफुन सूप पिऊन गेला. मी कुणाला घाबरत होतो गं?"

लुदमिला रडत बाहेर निघून गेली. मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. राग जास्त आला, खोटं कशाला बोलू.

पुढच्याच शनिवारी त्यांनी पहार घेतली आणि मला हाक मारली. दगड ट्रॅक्टरवर चढवून वर नेला. वरची बाजू बसून बसून गुळगुळीत झाली होती. बारबोरा म्हणाली, समोरच्यासारखी दिसावी म्हणून जरा टाकी मारते. सासऱ्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "टाकी नको. राहू दे तशीच."

दगड आपल्या जागी चपखल बसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांची एक पद्धत आहे, जो दगड आणतो त्यानं त्यावर पहिलं बसायचं.

"बसा, आजोबा. मान तुमचा," बारबोरा म्हणाली.

"त्यावर बसणारी बसून गेली, पोरी," ते म्हणाले. "समोर कुणी नव्हतं, एवढंच."

आणि ते समोरच्या बैठकीवर जाऊन बसले.