साडभाऊ आणि जावक नंबर

आमच्या साडभाऊंनी आयुष्यात एकाही माणसावर, वस्तूवर किंवा बातमीवर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवलेला नाही. ते अकोल्याचे. वीज खात्यात मीटर तपासण्यात हयात गेली, त्यामुळे कोणाच्याही घरी गेले की राम राम करण्याआधी मीटर पाहतात. दिवाळीला अमरावतीला आमच्याकडे आले तरी तेच. सख्खी मेव्हणी असली म्हणून काय झालं? संत्री घेतील तर ढिगाच्या तळातलं एक काढायला लावतील. औषध घेतलं तर दुकानदाराला विचारतील, तुमच्या घरी हेच घेता का? लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर त्यांनी नवरीचा चेहरा खिशातल्या फोटोशी ताडून पाहिला होता, असं माझी बायको शपथेवर सांगते.

अशा माणसाच्या पोरीला नेमकी अक्षरंच दगा देत होती. पोर हुशार, तोंडी हिशेबात बापाला हरवणारी. पण पुस्तक उघडलं की अक्षरं जागा बदलायची. तिला अध्ययन अक्षमता असल्याचं प्रमाणपत्र सरकारी दवाखान्यातून मिळालं. त्यावर दहावीच्या परीक्षेत जास्तीचा वेळ आणि प्रश्न वाचून दाखवणारं माणूस मिळतं, मात्र शाळेनं मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. हेडमास्तर गोड माणूस. काळजी करू नका, पाठवतो, म्हणाले. झालं, साडभाऊंची झोप उडाली. "जो मानूस 'काळजी करू नका' म्हनते ना, त्याचीच काळजी कराव लागते," असं त्यांनी मला फोनवर बजावलं. मग दर शनिवारी शाळेत जाऊन ते प्रस्तावाचा जावक नंबर मागू लागले. चौथ्या शनिवारी बाबूनं कंटाळून एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. साडभाऊ सोमवारी सकाळच्या एसटीनं चिठ्ठी घेऊन अमरावतीला हजर, कारण विभागीय मंडळ आमच्या गावात. मी चिडलो. हेडमास्तर देवमाणूस आहे, किती संशय घ्याल, म्हणून झापलंसुद्धा. ते शांतपणे म्हणाले, "देव असला तं हात जोडू. कागद आला का नाई, थे पायलंच पायजे."

मंडळातल्या बिचाऱ्या बाईंनी रजिस्टर दोनदा चाळलं. त्या शाळेचा प्रस्ताव आलेलाच नव्हता आणि मुदतीला चार दिवस उरले होते. आता हा गृहस्थ माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहणार, म्हणून मी तयारीत राहिलो. पण साडभाऊ बाहेर येऊन पायरीवर बसले. "या खेपेले तरी मी चूक निघन असं वाटलं होतं," म्हणाले. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी प्रस्ताव शाळेच्या कपाटात सापडला, सहीविना. चिठ्ठीवरचा नंबर भलत्याच पत्राचा होता. हेडमास्तर ओशाळले. साडभाऊ भांडले नाहीत. सही होईपर्यंत समोर बसून राहिले. पाकीट घेऊन शिपाई निघाला, तेव्हा त्याच्यावरही भरवसा नाही म्हणून एसटीत त्याच्या शेजारी बसून पुन्हा अमरावतीला आले.

परवानगी मिळाली. पहिल्या पेपरला मी मुद्दाम अकोल्याला गेलो. तीन तासांनी बाकीची पोरं बाहेर पडली, आईबाप पांगले. आमची आत लिहीत होती. फाटकाबाहेर आम्ही दोघंच उरलो. मी थट्टेनं म्हणालो, आता तुमच्या संशयाला कोणी शिल्लक नाही.

ते फाटकाच्या गजातून आत पाहत राहिले. मग म्हणाले, "दुसरीत होती. वाचाले बसवलं का रडे. मले वाटलं, ढोंग करून राहिली. लय मारलं मी तिले, साडभाऊ. सगळ्यात पयला संशय तिच्यावरच घेतला." आणि पुढे म्हणाले, "शाळेनं दगा केला तं मी होतो. मी मारलं तवा तिनं कोनापाशी जावं?"

ती दुसरीत असतानाच्या दिवाळीत, पोरीला फार लाडावून ठेवलंत, असं मीच त्यांना म्हणालो होतो, ते मला तिथे उन्हात उभ्या उभ्या आठवलं.

तासाभरानं पोर बाहेर आली. "बाबा, पूरा लिवला," म्हणाली. साडभाऊंनी नुसती मान हलवली. प्रश्नपत्रिका तिच्या हातात होती. त्यांनी ती मागितली नाही.